फांदीपासून रोप: घरी छाटकलम करताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणाला शेजारच्यांची गुलाबी जास्वंद हवी असते, कुणी माहेरच्या मोगऱ्याची फांदी पिशवीत घालून आणलेली असते आणि आता तिचं करायचं काय, हे विचारायचं असतं. मी आधी कोकणातल्या परसात आणि आता बरीच वर्षं पुण्यात गच्चीवर फांद्या लावत आले आहे. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

छाटकलम म्हणजे नेमकं काय? बी पेरणं जास्त सोपं नाही का?

झाडाची फांदी कापायची, मातीत खोवायची आणि तिला स्वतःची मुळं फुटू द्यायची, एवढंच. यालाच कुणी फाटेकलम म्हणतं, कुणी नुसतं कटिंग. आपल्याकडे ही गोष्ट शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. उसाची दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबतात, ते छाटकलमच. पुरंदरच्या अंजिराच्या बागा अशाच फांद्यांवर उभ्या आहेत, आणि बांधावरचा शेवगासुद्धा हातभर जाड फांदी ठोकून लावला जातो.

बियांचं म्हणाल तर दारातली लाल जास्वंद आपल्याकडे सहसा बी धरतच नाही. भरगच्च पाकळ्यांचा मोगरा, तगरीची डबल जात यांचंही तेच. अबोलीची ‘दिल्ली’ नावाची जात वांझ आहे, ती फांदीवरच वाढवतात. आणि बी रुजलं तरी त्यातून येणारं झाड आईसारखंच असेल याची खात्री नसते. फांदीचं तसं नाही. आजोळच्या अंगणातल्या झाडाची फांदी लावली, तर तुमच्या कुंडीत येतं ते त्याचं मूल नसतं, ते तेच झाड असतं. मला या कामाची गोडी लागली ती याच गोष्टीमुळे.

कापलेल्या फांदीला मुळं येतात तरी कशी?

हे नीट समजून घ्या. पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

फांदीची साल नखानं खरवडली तर आत हिरवट, ओलसर थर दिसतो. साल आणि लाकूड यांच्या मधला हा भाग सतत नव्या पेशी घडवत असतो. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं संजीवक, म्हणजे हार्मोन, तयार होतं आणि ते वरून खाली वाहतं. फांदी कापली की त्याची वाट बुडाशी संपते, ते तिथे साठतं, आणि त्या थराजवळच्या पेशी मुळं घडवायला लागतात. आधी कापलेल्या जागी पांढरट गाठी येतात. जास्वंदीची फांदी चौथ्या आठवड्यात उकरून पाहिलीत तर बुडाभोवती भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे चिकटलेले दिसतील. त्यांच्या आसपास साल फोडून दोऱ्यासारखी मुळं बाहेर पडतात.

पण या तीन-चार आठवड्यांत फांदीला पाणी शोषायला मुळं नाहीत आणि वरच्या पानांतून मात्र पाणी उडतंच आहे. ती अंगातल्या साठ्यावर जगते आहे. त्यामुळे आपलं काम एकच: तो साठा संपायच्या आत मुळं यावीत असं बघायचं. पानं कमी करणं, सावलीत ठेवणं, वरून झाकणं, फुलं-कळ्या काढून टाकणं, सगळं त्यासाठीच.

नवशिक्यानं कोणत्या झाडापासून सुरुवात करावी?

तगर, कण्हेर, रातराणी, अडुळसा, साधी लाल जास्वंद, मेंदी, ड्युरांटा, ॲकॅलिफा. यातलं एखादं चार फांद्यांत एक तरी लागतंच. तुतीही सोपी आहे. कुंपणाला झुडपं हवी असतील तर विकत आणायची गरजच नाही, एका झाडापासून दोन पावसाळ्यांत सगळं कुंपण होतं.

मोगरा, गुलाब, अनंत, क्रोटन, एक्झोरा ही दुसऱ्या इयत्तेची. लागतात, पण वेळ घेतात आणि दुर्लक्ष खपवून घेत नाहीत.

आणि कोणती झाडं फांदीपासून येतच नाहीत?

‘येतच नाहीत’ असं म्हणणं अवघड, पण घरच्या सोयींत ज्यांच्यावर वेळ घालवू नये अशी काही आहेत. सोनचाफा: त्याचं कलमी रोपच आणा, कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांत किंवा चांगल्या नर्सरीत मिळतं. कढीपत्ता: फांदी महिनाभर हिरवी राहून फसवते. त्यापेक्षा जुन्या झाडाच्या मुळांवर जे धुमारे फुटतात, त्यातला एखादा मुळासकट पावसात वेगळा करा, नाहीतर ताजं काळं फळ सोलून बी लगेच पेरा. हे बी ठेवून दिलं की रुजत नाही. पारिजातकाची फांदी कधी लागते, कधी नाही. त्याच्या चपट्या बिया मात्र छान उगवतात.

मोठ्या फुलांच्या संकरित जास्वंदी, पिवळ्या-केशरी-दुरंगी, या फांदीवर फार रडवतात. लागल्या तरी त्यांची स्वतःची मुळं अशक्त असतात. म्हणून रोपवाटिकेत त्या साध्या लाल जास्वंदीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळवाल्या झाडावर, कलम करून विकतात.

फांद्या लावायचा योग्य काळ कोणता?

मृगापासून श्रावण संपेपर्यंत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर म्हणा. या दिवसांत हवाच ओली असते, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडतं, आणि मातीही ऊबदार असते. मुळं फुटायला बुडाशी साधारण 21 ते 27 अंश तापमान मानवतं.

दुसरी संधी फेब्रुवारीत येते. थंडी ओसरलेली असते, झाडं नव्या पालवीच्या तयारीत असतात. गुलाब आणि बोगनवेल यांची छाटणी झाली की त्याच फांद्या वापरता येतात.

नाशिक किंवा विदर्भाकडच्या कडक थंडीत डिसेंबर-जानेवारीत फांदी मरत नाही, पण नुसती बसून राहते. एप्रिल-मे तर टाळाच, देवचाफ्याचा अपवाद सोडून. कोकणात मुसळधार आषाढात उलटी अडचण येते. उघड्यावर ठेवलेल्या फांद्या पाण्यानं कुजतात, तेव्हा त्या पडवीत किंवा पत्र्याखाली आणा.

फांदी कशी निवडायची आणि कशी कापायची?

अगदी कोवळा हिरवा शेंडा सुकतो, आणि राखाडी झालेलं जून लाकूड आळशी असतं. यांच्या मधली, अर्धवट पिकलेली फांदी हवी. ओळख सांगते. फांदी हळूच वाकवा. दोरीसारखी वाकली तर फार कोवळी. अजिबात न वाकता काडकन मोडली तर जून. थोडी वाकून मग मोडते आहे असं वाटलं, की ती योग्य. पेन्सिलीएवढी जाडी पुरे.

फुललेली फांदी घेऊ नका. दुसरी नसेलच तर फुलं आणि कळ्या सगळ्या खुडा, मनाला लागलं तरी. मातृवृक्ष निरोगी हवा. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पिठ्या ढेकूण बसलेला असेल तर त्या झाडाची फांदी आणणं म्हणजे सगळ्या गच्चीला किडीचं आमंत्रण. आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी घाला आणि फांदी सकाळी उन्हाआधी कापा. तेव्हा तिच्यात सगळ्यात जास्त पाणी असतं.

लांबी वीतभर, म्हणजे 15 ते 20 सेंटिमीटर. तिच्यावर चार-पाच डोळे असावेत. पान जिथे जोडलेलं असतं ती जागा म्हणजे डोळा, आणि दोन डोळ्यांमधला भाग म्हणजे पेर. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, अर्ध्या सेंटिमीटरवर घ्या. मुळं तिथूनच सहज येतात. लांब पेराचं शेपूट खाली ठेवलं तर ते कुजत वर येतं. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर, तिरका, म्हणजे पाणी साचत नाही.

कात्री धारदार हवी, सिकेटर असेल तर उत्तम. भाजीच्या बोथट सुरीनं साल चेंगरते आणि चेंगरलेल्या जागी बुरशी धरते. पातं स्पिरिटनं पुसून घ्या. मग खालच्या दोन-तीन डोळ्यांवरची पानं काढून टाका, वरची दोनच ठेवा, आणि तीही मोठी असतील तर कात्रीनं अर्धी करा. अर्धी पानं बघून लोक हळहळतात. पण पूर्ण पानं ठेवलेली जास्वंद दुपारपर्यंत मान टाकते आणि अर्ध्या पानांची ताठ उभी राहते, हे शेजारी शेजारी लावून एकदा बघाच.

फांदी उलटी लावली तर?

सहसा लागत नाही. फांदीला वर-खालची जाण असते, संजीवक एकाच दिशेनं वाहतं. पानं नसलेल्या काड्यांच्या बाबतीत ही चूक सहज होते. म्हणून वरचा काप नेहमी तिरका आणि खालचा सपाट ठेवा, म्हणजे गोंधळ होत नाही.

माती कोणती घ्यावी?

काळी माती नको. ती पाणी धरून बसते, वाळली की आवळते आणि भेगा पडतात. त्यात नाजूक मुळं तुटतात. मी निम्मी धुतलेली वाळू आणि निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेते. वाळूऐवजी क्रश सँड मिळाली तर बादलीत चार वेळा धुवा, तिच्यातली बारीक भुकटी सिमेंटसारखी बसते. कोकोपीटची विटही आधी भिजवून एकदा-दोनदा पिळून घ्या, त्यात बऱ्याचदा क्षार असतात. भाताच्या गावात राहत असाल तर अर्धवट जळलेलं तूस वाळूत मिसळा. हलकं असतं आणि फुकट मिळतं.

शेणखत, गांडूळखत, युरिया यातलं काहीही या टप्प्यावर घालू नका. मुळंच नाहीत तर खाणार कोण? उलट ओलसर खतात बुरशी वाढते.

भांड्याचं फार मनावर घेऊ नका. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी धुऊन, खालून पाच-सहा भोकं पाडून वापरली की झालं. भोकं मात्र विसरू नका. काठीनं आधी खळगा करा आणि मग फांदी ठेवा. सरळ खुपसली तर बुडाची साल सोलते. दोन डोळे मातीत, बाकीचे वर, आणि बोटांनी भोवतालची माती घट्ट दाबा.

फांदी नुसत्या पाण्यात ठेवली तर चालेल का?

कण्हेर, अनंत, तुळस, क्रोटन पाण्यात छान मुळं धरतात. कण्हेर तर दोन-तीन आठवड्यांत. मुलांना दाखवायला यासारखं काही नाही, फक्त कण्हेर त्यांच्या हाताला लागू देऊ नका, ती विषारी आहे. बाटली गडद रंगाची घ्या किंवा कागद गुंडाळा, आणि पाण्यात एकही पान बुडू देऊ नका.

पण पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, ती मातीत गेली की दचकतात. म्हणून बोटभर लांब होईपर्यंत थांबू नका. तीन-चार सेंटिमीटरची झाली की लगेच मातीत न्या आणि पहिला आठवडा माती चांगली ओली ठेवा.

पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. हे फांदीसाठी तर आहेच, पण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची पिढी उडायला लागते. खिडकीतली हौस घरात ताप आणणारी ठरू नये.

रूटिंग हार्मोन लागतंच का? मध, दालचिनी, कोरफड चालते का?

सोप्या झाडांना काहीच लागत नाही. गुलाब, बोगनवेल, एक्झोरा, अनंत यांना मात्र फरक पडतो, आणि तो चांगलाच पडतो. कृषी सेवा केंद्रात जी पांढरट पावडर मिळते तिच्यात बहुधा आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं. फांदीतल्या ऑक्झिनचंच हे भावंड. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षवाले डॉगरिज या खुंटासाठीच्या द्राक्षजातीच्या काड्या लावताना हेच वापरतात, कारण ती जात मुळं धरायला कुरकुरते.

कोवळ्या फांदीला 500 ते 1000 पीपीएम, जून फांदीला 2000 ते 3000 पीपीएम असा साधारण हिशेब आहे. एक लिटरमध्ये एक ग्रॅम म्हणजे 1000 पीपीएम. नुसत्या पाण्यात आयबीए नीट विरघळत नाही, म्हणून घरी तयार पावडरच बरी. चिमूटभर पावडर कागदावर काढा, फांदीचं बूड ओलं करून त्यात टेकवा, झटकून टाका. डबीत फांदी बुडवू नका, ओल शिरली की उरलेली पावडर वाया जाते. डबी थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. आणि जास्त लावलं म्हणजे जास्त मुळं येतात असं नाही, जास्तीनं बूड काळं पडतं.

मधात आणि दालचिनीत मुळं आणणारं संजीवक नाही. ती बुरशीला थोडीफार अटकाव करतात, एवढंच त्यांचं काम. कोरफडीचा गर लावून माझ्या फांद्यांत मला कधी फरक दिसलेला नाही. तुम्हाला लावायचा असेल तर नुकसान काही नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका.

वरून पिशवी झाकायची का?

पावसाळ्याच्या ऐन दिवसांत गरज नसते. एरवी झाका. पाण्याच्या दोन लिटरच्या बाटलीचं बूड कापून ती फांदीवर उपडी घातली की छोटं काचघर तयार होतं. रोज सकाळी दहा मिनिटं झाकण उघडा, नाहीतर आत बुरशी धरते. झाकलेली कुंडी थेट उन्हात मात्र कधीही ठेवू नका. आतली हवा इतकी तापते की तासाभरात पानं शिजतात, अक्षरशः उकडलेल्या भाजीसारखी होतात. उजेड हवा, ऊन नको. पूर्वेची खिडकी, मोठ्या झाडाखालची जागा किंवा शेडनेट.

पाणी किती घालायचं?

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, तो ठेवायचा. मूठभर माती दाबली की लाडू वळावा, बोटांतून पाणी गळू नये, आणि बोटानं टोचलं की तो फुटावा. वर हिरवं शेवाळ धरलं तर तुम्ही जास्त पाणी घालत आहात. तहानेनं वाळलेल्या फांद्यांइतक्याच अति पाण्यानं कुजलेल्या फांद्या मी पाहिल्या आहेत. पानांवर मात्र दिवसातून दोनदा बारीक फवारा द्यायला हरकत नाही.

फांदीला छान पालवी फुटली आणि पंधरा दिवसांत सगळी वाळली. कुठे चुकलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि सगळ्यात जास्त जीव यातच दुखावतो.

पालवी फुटली म्हणजे मुळं आली, असं नाही. डोळ्यांत आधीपासूनच कोंब तयार असतो. फांदीच्या अंगातल्या साठ्यावर तो फुटतो, पोपटी पानं येतात, आपण खूश होतो. त्या पानांना पाणी हवं असतं आणि खाली मुळं नसतात. साठा संपला की सगळं खलास. आणि नेमकं याच वेळी आपण ‘लागली बरं का’ म्हणून कुंडी उन्हात नेतो, खत घालतो, किंवा मुळं किती आली ते उपटून बघतो.

मी स्वतः पहिल्या वर्षी मदनबाण मोगऱ्याच्या फांद्या लावल्या होत्या. आई आजारी होती, तिच्या उशाशी ठेवायला तिच्याच अंगणातल्या मोगऱ्याची फुलं हवी होती, म्हणून घाई होती. पालवी दिसताच मी एकेक फांदी वर काढून पाहिली. बुडाला पांढऱ्या गाठी होत्या, दोन फांद्यांना केसाएवढी मुळंही होती. ती काढताना तुटली. परत लावल्या, एकही जगली नाही. पुढच्या जूनची वाट बघावी लागली. तेव्हापासून मी दुधाच्या पिशवीवर लावल्याची तारीख लिहिते आणि त्या तारखेपासून सहा आठवडे फांदीला हात लावत नाही.

दाट पालवी फुटली तर शेंड्याची एक-दोन जोड पानं ठेवून बाकीची चिमटून काढा. जागा बदलू नका. सावली, ओल, शांतता.

मग मुळं आली हे ओळखायचं कसं?

पिशवीच्या भोकांतून पांढरी टोकं डोकावतात, ती सगळ्यात भरवशाची खूण. दुसरी खूण पानांत दिसते. साठ्यावर फुटलेली पानं लहान आणि लुसलुशीत राहतात. मुळं कामाला लागली की नवी पानं मोठी, जाड, गडद येतात आणि दुपारी मान टाकत नाहीत. सहा आठवड्यांनी फांदी दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढा, तिनं धरून ठेवल्यासारखं जाणवलं तर मुळं आहेत.

तगर, रातराणी चार-पाच आठवडे घेतात. जास्वंद चार ते सहा, मोगरा आणि गुलाब पाच-सहा. अनंत आणि एक्झोरा दोन महिन्यांपर्यंत, बोगनवेल कधी त्याहूनही जास्त.

सगळी पानं गळाली. फेकून देऊ का?

नखानं साल खरवडा. आत हिरवं असेल तर जिवंत आहे, राहू द्या. तपकिरी आणि कोरडं असेल तर गेली. बूड काळं, मऊ आणि आंबूस वासाचं झालं असेल तर ती कूज आहे. ती फांदी मातीसकट टाका, तीच माती दुसऱ्या फांदीला वापरू नका.

पुष्पगुच्छातला गुलाब लावला तर लागेल का?

फार क्वचित. ती फुलं शीतगृहात दिवसचे दिवस राहिलेली असतात, देठ थकलेला असतो. त्यापेक्षा गावठी गुलाबी गुलाबाची फांदी लावा, ती उत्साहानं लागते. बागेतल्या कलमी गुलाबाची फांदी घेताना ती कलमाच्या जोडाच्या वरची आहे ना, हे बघा. जोडाच्या खालून फुटलेला जोमदार धुमारा खुंटाचा असतो. तो लागेल, पण तुम्हाला हवं ते फूल त्यावर कधीच येणार नाही.

मोगरा, जाई, जुई यांची फांदी लागतच नाही. काय करू?

दाब कलम करा. वेलवर्गीय झाडांसाठी हे सगळ्यात शांत काम. जमिनीलगतची लांब फांदी कापायची नाहीच. ती वाकवून शेजारच्या कुंडीत आणा, जिथे माती लागणार तिथे एका डोळ्याखाली साल थोडी खरवडा, दोन-तीन इंच मातीखाली दाबा आणि वर विटेचा तुकडा ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. आई पाणी पाजत राहते, त्यामुळे साठा संपायची भीतीच नाही. दीड-दोन महिन्यांनी आईकडची बाजू कापा.

उंच फांदीसाठी गुटी कलम आहे. इंचभर सालीची अंगठी काढायची, ओलं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) बांधायचं, वर प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं. डाळिंबाची आणि लिंबाची कलमं अशीच करतात. एक्झोरा आणि क्रोटनही यानं हमखास जमतात. जून-जुलैत बांधा.

बोगनवेलीच्या फांद्या लागतात, पण कुंडी बदलली की मरतात.

तिची मुळं विलक्षण ठिसूळ असतात. म्हणून फांदी सुरुवातीपासून एकेकट्या पिशवीत लावा, बदलताना मातीचा गोळा अजिबात फुटू देऊ नका, पिशवी ब्लेडनं कापून काढा. फांदी जून आणि बोटाएवढी जाड घ्या. हार्मोन लावाच.

देवचाफा कसा लावायचा?

बाकी सगळ्यांच्या उलट. फेब्रुवारी ते मे, झाड निष्पर्ण असताना, हातभर फांदी कापा. पांढरा चीक वाहू द्या. तो डोळ्यांत आणि अंगावर जाऊ देऊ नका. फांदी आठवडाभर सावलीत कोरडी ठेवून जखम सुकवा. मग वाळूमिश्रित मातीत रोवा आणि पाणी अगदी थोडं. ओल्या जखमेनं भर पावसात लावलेला चाफा आतून सडतो.

कण्हेर विषारी असते म्हणतात. लावू की नको?

लावा, पण जाणून लावा. कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, यांचा प्रत्येक भाग विषारी आहे. कापताना हातमोजे घाला, कात्री धुवा. ज्या पाण्यात फांदी ठेवली तेही विषारी होतं, ते मूल किंवा मांजर पिणार नाही अशा जागी ठेवा. छाटलेल्या फांद्या गुरांपुढे किंवा चुलीत टाकू नका. घरात रांगतं बाळ असेल तर कण्हेरीसाठी चार वर्षं थांबा आणि तोवर तगर लावा, देवाला तीही पांढरी फुलं देते.

गावाहून फांदी आणायची आहे. प्रवासात कशी टिकवू?

आमच्याकडे केळीच्या सोपात गुंडाळून देत असत, आणि त्याहून चांगलं मला अजून सापडलेलं नाही. सोप ओला आणि गार असतो, फांदी दोन दिवस ताजी राहते. ते नसेल तर ओलं वर्तमानपत्र आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी. पानं निघायच्या आधीच कमी करा. गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात ती भट्टी होते. पोचल्यावर बुडाचा सेंटिमीटरभर तुकडा पुन्हा कापून तासभर पाण्यात ठेवा, मग लावा. नावाची चिठ्ठी बांधा, पानांवरून जाई-जुई ओळखताना भले भले चुकतात.

मुलगी अमेरिकेत असते. तिला घरच्या मोगऱ्याची फांदी नेता येईल का?

बॅगेत घालून नाही. बहुतेक देशांत रोपं आणि फांद्या नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि न सांगता नेलं तर दंड होतो. ऑस्ट्रेलियात तर फारच कडक नियम आहेत. कढीपत्त्यावर अमेरिकेत वेगळी बंदी आहे, कारण लिंबूवर्गीय बागा मारणाऱ्या रोगाचा कीटक त्यावर जगतो. मोगरा मात्र तिथल्या रोपवाटिकांत ‘अरेबियन जास्मिन’ या नावानं मिळतो. तो घ्यायला सांगा आणि फांद्या कशा लावायच्या ते व्हिडिओ कॉलवर शिकवा.

चोरून आणलेली फांदी जास्त चांगली लागते, हे खरं का?

नाही. घाईत मोडलेल्या फांदीची साल फाटते, आणि झाडही दुखावतं. दार वाजवून मागा. झाड लावणारं माणूस फांदीला सहसा नाही म्हणत नाही, उलट कात्री घेऊन स्वतः येतं आणि सोबत दोन गोष्टी सांगतं.

रोप कुंडीत कधी हलवायचं, आणि फूल कधी येईल?

भोकांतून मुळं दिसली की अजून पंधरा दिवस थांबा. मग आठ इंची कुंडीत, एक भाग पोयटा माती, एक भाग गांडूळखत, थोडी वाळू. हलवणं संध्याकाळी करा. त्यानंतर आठवडाभर सावलीतच, मग रोज सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास, असं वाढवत न्या. पहिलं खत महिन्यानंतर, पातळ करून.

जास्वंद आणि तगर पुढच्या वर्षी फुलतात, कधी त्याच दिवाळीला कळी दिसते. पहिल्या दोन-तीन कळ्या खुडून टाकल्या तर झाड भरदार होतं. मी एक ठेवते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा लावलेल्या त्या मदनबाण मोगऱ्याची पहिली कळी एप्रिलात आली, वाटाण्याएवढी, देठाशी किंचित जांभळट. संध्याकाळी सातच्या सुमारास उमलली. ती मी आईच्या उशाशी ठेवली.